कोळसा मध्येच का थांबला? २५ कोटी वर्षांपूर्वीची तापमानवाढ आणि जमिनीवरची झाडं

दगडफूल

पर्मियन काळात जगभर दगडी कोळशाचे थर साठत होते. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, अंटार्क्टिकात, चीनमध्ये आणि आपल्याकडे दामोदर, महानदी, गोदावरी, वर्धा या नद्यांच्या खोऱ्यांत. २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन संपून ट्रायासिक सुरू झाला आणि कोळसा बंद पडला. एखाद्या देशात नव्हे, सगळ्या जगात. पुढची जवळजवळ १ कोटी वर्षं कुठेच कोळशाचा थर सापडत नाही. ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली यावर तपशीलवार लिहिलं. या रिकाम्या जागेला 'कोल गॅप' म्हणतात.

पर्मियनअखेरच्या महाविनाशाबद्दल, म्हणजे त्या वेळी झालेल्या जिवांच्या प्रचंड संहाराबद्दल, मराठीत जे थोडंफार येतं ते बहुतेक समुद्रातल्या जिवांबद्दल. ट्रायलोबाइट गेले, प्रवाळ गेले वगैरे. झाडांचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकतात. माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे, म्हणून हा धागा.

या महाविनाशाचं कारण आता बऱ्यापैकी पक्कं आहे. सायबेरियात लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. आपला दख्खनचा कातळ ज्या प्रकारचा, त्याच प्रकारचे, पण आकाराने कितीतरी मोठे. शिवाय तिथला लाव्हा तुंगुस्का खोऱ्यातल्या जुन्या कोळशातून आणि मिठाच्या थरांतून वर आला, ते थर भाजून निघाले, आणि ज्वालामुखीच्या स्वतःच्या वायूंत आणखी कार्बनची भर पडली. हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे सहापट झाला, ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) आसपासवरून २,५०० पर्यंत. विषुववृत्तीय समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान ट्रायासिकच्या सुरुवातीला ४० अंशांच्या घरात गेलं होतं असं चीनमधल्या जीवाश्मांवरून दिसतं. समुद्राचं पाणी ४० अंश! जमिनीवर काय असेल ते समजून घ्या.

दक्षिणेकडच्या गोंडवन खंडावर तेव्हा राज्य होतं ग्लॉसोप्टेरिसचं. जिभेच्या आकाराचं पान, मध्ये ठळक शीर, बाजूला शिरांची जाळी. अडॉल्फ ब्राँनियार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ साली त्याला नाव दिलं. १९१२ साली कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर जवळपास १६ किलो दगड होते. उपासमारीतही टाकून दिले नव्हते. त्या दगडांत हीच पानं होती. आज भारतात, ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि अंटार्क्टिकात याच झाडाचे जीवाश्म सापडतात, आणि हे खंड एकेकाळी गोंडवन म्हणून जोडलेले होते याचा तो जुना आणि भक्कम पुरावा.

ग्लॉसोप्टेरिस थंड, ओल्या प्रदेशातलं पानगळीचं झाड. त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या होत्या, त्यामुळे पाय कायम पाण्यात असले तरी त्याला चालायचं. दलदलीत वाढायचं, पानं तिथेच गळायची, कुजायच्या आधीच गाडली जायची. त्यातूनच पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि पुढे कोळसा झाला. या झाडाचा पसारा थेट ध्रुवीय प्रदेशापर्यंत होता, जिथे हिवाळ्यात सूर्य उगवत नाही.

म्हणजे हवामान तापायला लागल्यावर त्याला सरकायला जागाच नव्हती. गरमी वाढली की वनस्पती ध्रुवाकडे सरकतात, डोंगरावर चढतात. हे झाड आधीच ध्रुवाशी बसलेलं.

सिडनीच्या उत्तरेला फ्रेझर बीच नावाची जागा आहे. तिथल्या समुद्रकड्यात पर्मियनचा शेवटचा कोळसा उघडा दिसतो. त्याच्या माथ्यावर एक पातळ थर आहे ज्यात परागकण आणि बीजाणू जवळजवळ नाहीतच, आहे तो लोणारी कोळशाचा चुरा, म्हणजे जळालेलं लाकूड. त्याच्यावर पुन्हा जीवन दिसायला लागतं तेव्हा ग्लॉसोप्टेरिस गायब. ख्रिस्तोफर फील्डिंग, ट्रेसी फ्रँक, स्टीफन मॅकलॉक्लिन, विवी वायदा वगैरे मंडळींनी २०१९ साली सिडनी खोऱ्यातल्या या थरांचं वय मांडलं. त्यांच्या हिशेबाने तिथली जंगलं समुद्रातल्या मुख्य विनाशाच्या सुमारे ३ लाख ७० हजार वर्षं आधीच कोसळली होती. जमीन आधी गेली, समुद्र नंतर.

आणि मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही, की तिथे पाणी आटलं नव्हतं. भूजल वरच होतं, नद्या वाहत होत्या, तळी होती. उलट झाडं गेल्यावर त्या तळ्यांत शेवाळ आणि जिवाणू माजले, कारण माती आणि तिच्यातलं खत आता अडवणारं कुणी उरलं नव्हतं. दुष्काळाने नाही, उष्म्याने आणि ऋतूंमधला फरक वाढल्याने जंगल मेलं.

प्रश्न असा : ज्वालामुखी थांबले, मग पृथ्वी निवायला पाहिजे होती. तरी तिला सुमारे ५० लाख वर्षं लागली. का? २०२५ मध्ये लीड्स आणि वुहानच्या संशोधकांनी जीवाश्मांवरून त्या काळातल्या वनस्पतींचे नकाशे तयार केले, ते हवामानाच्या मॉडेलमध्ये घातले आणि उत्तर दिलं की उष्ण कटिबंधातली जंगलंच उरली नाहीत, म्हणून कार्बन शोषला गेला नाही, म्हणून उष्णता टिकली. झाडं उष्णतेने गेली आणि झाडं गेल्यामुळे उष्णता राहिली. मला हे पटतं. तुमचं काय म्हणणं?

वणीकर

धागा जवळचा वाटला. वडील खाणीत ओव्हरमन (देखरेख करणारे) होते. ओपनकास्टमध्ये (उघड्या खाणीत) कोळशाच्या वरचा ओबी, म्हणजे माती-दगड, काढताना राखाडी शेल (चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा दगड) निघतो, त्यात पानं दिसायची. घरी एक तुकडा अजून आहे. लांबट पान, मधली शीर ठळक. आम्ही लहानपणी त्याला आंब्याचं पान समजायचो. हे तेच का?

दुसरं, शेल आता पापुद्र्यांनी सुटतोय. काय करावं?

दगडफूल

वणीकर, वर्णनावरून ग्लॉसोप्टेरिसच वाटतंय. बाजूच्या शिरा एकमेकींना जोडून जाळी झालेली असेल तर नक्कीच. आंब्याच्या बाजूच्या शिरा जाड आणि एकमेकींपासून अंतरावर असतात, इथे त्या बारीक आणि दाट असतात.

धुऊ नका. शेलला पाणी लागलं की तो फुगतो आणि आणखी सुटतो. उन्हातही ठेवू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवा, आणि कुठल्या खाणीत, कोळशाच्या वर की खाली सापडला ते चिठ्ठीवर लिहून सोबत टाका. चिठ्ठीशिवाय दगडाची किंमत निम्मी. जवळच्या कॉलेजात भूशास्त्र विभाग असेल तर दाखवा.

वयाबद्दल एक सांगतो, कारण गोंधळ होतो. वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकार थरांतला, पर्मियनच्या पूर्वार्धातला. महाविनाश त्यानंतर अडीच-तीन कोटी वर्षांनी आला. म्हणजे तुमचं पान सुखाच्या काळातलं आहे. शेवटचा अंक बघायचा तर बंगाल-झारखंडकडे, राणीगंजला जावं लागतं. तिथे राणीगंज थरांत कोळसा आहे, त्याच्या लगेच वरच्या पांचेत थरांत नाही. आणि पांचेतमध्ये लिस्ट्रोसॉरसची हाडं सापडतात, तो महाविनाशातून वाचलेला डुकराएवढा प्राणी.

तिरकस_तात्या

लेख झकास, शंका बाळबोध. कार्बन डायऑक्साइड हे झाडांचं अन्न ना? शाळेत तेच शिकलो. हरितगृहांत मुद्दाम वायू सोडतात म्हणे. मग सहापट जेवण मिळाल्यावर झाडं मरतात कशी? अजीर्णाने?

पर्णरंध्र

तात्या, शंका बाळबोध नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, दर वर्षी हा प्रश्न येतोच.

वायू वाढला की प्रकाशसंश्लेषण वाढतं हे खरं, पण बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं तर. ठरावीक तापमानाच्या वर पानाची यंत्रणाच ढासळायला लागते, विकरं (एन्झाइम) काम सोडतात. आजच्या बहुतेक झाडांची पानं ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान कायमची बिघडतात. शिवाय श्वसन तापमानाबरोबर वाढत जातं, म्हणजे कमावलेलं तिथेच खर्च. उष्ण रात्री तर नुसताच खर्च.

ग्लॉसोप्टेरिसच्या बाबतीत मला ऋतूंचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. पानगळीचं झाड कधी पान टाकायचं, कधी फुटायचं हे थंडी आणि दिवसाच्या लांबीवर ठरवतं. दिवसाची लांबी बदलत नाही, थंडी मात्र हरवते. घड्याळाचे दोन काटे दोन दिशांना गेले की बीज धरण्याच्या वेळा चुकतात. हा माझा अंदाज आहे, मेलेल्या झाडाला विचारता येत नाही.

उष्णतेखेरीज आणखी एक संशयित आहे. सायबेरियातले मिठाचे थर भाजले तेव्हा क्लोरीन-ब्रोमीनची संयुगं वर गेली असणार आणि त्यांनी ओझोनचा थर विरळ केला असणार. त्या काळातले बीजाणू आणि परागकण विकृत सापडतात. काही बीजाणू एकमेकांपासून सुटलेच नाहीत, चार-चारच्या गठ्ठ्यातच राहिले. जेफ्री बेंका यांनी बर्कलीला बुटक्या पाइनच्या झाडांवर तसाच तीव्र अतिनील प्रकाश सोडून पाहिला, २०१८ साली प्रसिद्ध झालं. परागकण तसेच विकृत झाले आणि शंकू बी न धरताच वाळले. झाडं मात्र जिवंत होती. प्रकाश काढल्यावर पुन्हा बी धरायला लागली.

म्हणजे जंगल मारायला झाड मारावंच लागतं असं नाही. काही पिढ्या बी धरू दिलं नाही की पुरे.

तिरकस_तात्या

हे 'झाड उभं पण वांझ' प्रकरण भयानक आहे. अजीर्णाचा विनोद मागे घेतो.

खडूस_वाचक

मूळ लेखात एक बाजू आलेली नाही. २०१९ सालीच हेंड्रिक नोवाक आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या वनस्पती जीवाश्मांची मोजदाद करून निबंध छापला, त्याचं शीर्षकच 'पर्मियन-ट्रायासिकला जमिनीवरील वनस्पतींचा महाविनाश नाही' अशा अर्थाचं आहे. पानांच्या जीवाश्मांत घट दिसते, पण परागकण-बीजाणूंच्या नोंदीत तेवढी नाही. पानं टिकायला विशिष्ट परिस्थिती लागते. दलदल गेली की पानांचे ठसेही जातात, त्यामुळे झाड नामशेष झालं की नुसतं ठसे उमटायचे थांबले हे कळत नाही. परागकण जास्त कणखर.

शिवाय ट्रायासिकमध्ये गोंडवनावर जे डायक्रॉइडियम पसरलं, फाटे फुटलेल्या पानाचं बीजधारी नेचं, ते काही ट्रायासिकमध्ये उगवलेलं नाही. जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळ पर्मियनच्याच थरांत ते सापडलंय. म्हणजे उष्ण कटिबंधातलं झाड, दक्षिण तापल्यावर दक्षिणेला आलं. याला विनाश म्हणायचं की स्थलांतर?

दगडफूल

खडूस, हा मुद्दा तुमच्याकडून यायची वाट पाहत होतो :)

नोवाक यांचा हिशेब मला मान्य आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. किती प्रजाती आणि कुळं नामशेष झाली हा एक प्रश्न. जंगल उभं होतं की नाही हा दुसरा. एखाद्या दरीत चार झाडं जगली तर प्रजाती वाचली, यादीत तिच्यापुढे टिकमार्क. पण ती चार झाडं कोळसा करत नाहीत, माती धरत नाहीत, हवेतला कार्बन खेचत नाहीत. मला कोळशाची चिंता आहे, आणि कोळशाच्या बाजूने पाहिलं तर दिवाळं वाजलं होतं यात शंका नाही.

डायक्रॉइडियमचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. उष्णतेत मुरलेलं झाड थंड प्रदेशाची रिकामी जागा घेतं. आपल्याकडे मध्य प्रदेशात सिधी जिल्ह्यातल्या निदपूरला ते सापडतं. प्रश्न आहे तो मधल्या काळात काय होतं हा.

खडूस_वाचक

ठीक, पण मग 'जगात सगळीकडे' हे जपून म्हणा. शिनजियांगमध्ये तुर्पान-हामी भागात जंगल टिकून राहिल्याचे पुरावे अलीकडेच आलेत, तिथल्या पावसामुळे. आणि मधल्या काळात अगदी वाळवंट नव्हतं, प्लुरोमिया होतं.

पर्णरंध्र

हो, प्लुरोमियाबद्दल मीच लिहिणार होते. उंच सरळ दांडा, फांदी नाही, टोकाला पानांचा झुबका आणि शंकू. लायकोपॉड गटातलं, बियांचं नाही, बीजाणूंचं. ट्रायासिकच्या सुरुवातीला युरोप, चीन, रशिया, ऑस्ट्रेलिया, जिकडे पाहाल तिकडे तेच किंवा त्याचे भाऊबंद. पडीक जमिनीवर टणटणी माजते तसं. पण मुळं उथळ, अंगात लाकूड जवळजवळ नाही. ते कितीही पसरलं तरी जंगलाइतका कार्बन साठवणार नाही.

बिगहॉर्नवाली

डेन्व्हरहून लिहितेय. इथून उत्तरेला वायोमिंगमध्ये बिगहॉर्न खोरं आहे, तिथे तापमानवाढीचं दुसरं उदाहरण आहे, बरंच अलीकडचं. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन-इओसीनच्या सीमेवर, जगाचं तापमान ५ ते ६ अंशांनी वाढलं आणि दीड-दोन लाख वर्षांत परत उतरलं.

स्कॉट विंग यांनी तिथली पानं वर्षानुवर्षं गोळा केली. आधी तिथे डॉन रेडवुडसारखे सूचिपर्णी, बर्च-अक्रोडच्या गोतातली झाडं. तापल्यावर ती जवळजवळ सगळी गायब आणि दक्षिणेकडून आलेली शेंगावर्गातली झाडं हजर. पानं लहान, कडा गुळगुळीत. गरम प्रदेशात बिनदातेरी कडांच्या पानांचं प्रमाण जास्त असतं, त्यावरूनच तापमान काढतात. आणि गारवा आल्यावर जुनी झाडं परत आली! एलन करानो यांनी त्याच पानांवर किड्यांनी खाल्लेल्या खुणा मोजल्या. उष्ण काळातली पानं जास्त कुरतडलेली आहेत.

आणि कार्लोस हारामिओ यांनी कोलंबिया-व्हेनेझुएलातले परागकण पाहिले, तर तिथे त्या काळात वर्षावनातली विविधता कमी न होता वाढली होती. मग तुमच्या 'उष्णतेने जंगल मेलं'चं काय?

तिरकस_तात्या

ताई, हेच म्हणत होतो मी! मग आता एवढी ओरड कशाला? झाडं जातील कॅनडात, नंतर येतील परत. पृथ्वीने असे छप्पन उन्हाळे पाहिलेत.

दगडफूल

बिगहॉर्नवाली, फार छान भर. दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवली की काय दिसतं ते सांगतो.

इओसीनला तापमान वाढलं ५-६ अंश, पर्मियनअखेर त्याहून बरंच जास्त, ८-१० अंश. कोलंबियात पाऊस टिकला, जंगल टिकलं. वायोमिंगमध्ये झाडांना दक्षिणेकडून यायला आणि उत्तरेकडे जायला सलग जमीन होती. ग्लॉसोप्टेरिसला पुढे जमीनच नव्हती. म्हणजे उष्णता मारते हे अर्धं वाक्य झालं. किती, किती वेगाने, आणि पळायला वाट आहे का, हे उरलेलं अर्धं.

तात्या, वेगाचा आकडा तुमच्यासाठी. इओसीनच्या त्या घटनेत कार्बन हवेत जायला किमान ४,००० वर्षं लागली, वर्षाला फार तर १.१ अब्ज टन, असा रिचर्ड झीबी आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा हिशेब. आज आपण इंधन जाळून वर्षाला १० अब्ज टन कार्बन सोडतो. आणि बिगहॉर्नला जी झाडं सरकली त्यांच्या वाटेत शेतं, महामार्ग, शहरं नव्हती. कॅनडात जायचं म्हणता, व्हिसा कोण देणार?

तिरकस_तात्या

व्हिसाचा टोला पोचला. तरी परतले हे विसरू नका एवढंच माझं म्हणणं.

बिगहॉर्नवाली

परतले, पण दीड-दोन लाख वर्षांनी, तात्या. तेवढा धीर धरणार असाल तर माझी हरकत नाही.

सडेफटिंग

मध्येच घुसतोय. पावसाळ्यात पाचगणीच्या टेबललँडवर आणि कोकणातल्या सड्यांवर डबक्यांत गवतासारखी एक वनस्पती दिसते, आयसोइटिस. एका अभ्यासकाने दाखवली होती. ती लायकोपॉड आहे असं म्हणाले होते. वर आलेल्या प्लुरोमियाची नातेवाईक का?

पर्णरंध्र

हो! बहुतेक अभ्यासक प्लुरोमियाला आयसोइटिसच्याच वंशातलं धरतात. पूर्वज माणसापेक्षा उंच, वंशज बोटभर. पुण्याच्या त्र्यं. शं. महाबळे यांनी सह्याद्रीतली एक प्रजाती वर्णन केली आहे, आणि पाचगणीच्या नावाचीही एक प्रजाती आहे. उपटू नका मात्र, जागा मोजक्याच आहेत.

यात एक गंमत आहे. आयसोइटिसच्या अनेक पाण्यातल्या प्रजाती निवडुंगासारखा कार्बन डायऑक्साइड रात्री साठवतात आणि दिवसा वापरतात. निवडुंग पाणी वाचवायला तसं करतो, हिच्याकडे पाणीच पाणी. डबक्यात दिवसा तो वायू संपतो म्हणून ही युक्ती. कडक उन्हात उपयोगी पडेल असं हत्यार त्या घराण्यात आहे, एवढं म्हणता येईल. प्लुरोमियाकडे ते होतं का, यावर मी पैज लावणार नाही.

वणीकर

दगडाला चिठ्ठी लावली, आईने फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवलाय. शेवटचा प्रश्न : मग कोळसा परत कधी सुरू झाला? आणि आपल्याकडे?

दगडफूल

मध्य ट्रायासिकमध्ये पातळ, हलके थर दिसायला लागतात. चांगले जाड थर उत्तर ट्रायासिकमध्ये, ऑस्ट्रेलियात ली क्रीक आणि इप्सविच इथे, तेही डायक्रॉइडियमच्या जंगलांतून. म्हणजे खडूस यांनी सांगितलेल्या त्याच पाहुण्याने शेवटी दलदलीत बस्तान बसवलं.

भारतात ट्रायासिकचा म्हणण्यासारखा कोळसा नाही. पर्मियननंतर आपल्याकडे मोठा साठा येतो तो एकदम तृतीयक काळात, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतर : आसाम-मेघालयचा कोळसा, राजस्थान-गुजरातचा लिग्नाइट. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइटमध्ये राळेचे खडे सापडतात, ५ कोटी वर्षांहून जुने, आत किडे अडकलेले, आणि ती राळ आपल्या सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांची. तो इओसीनचा आरंभ, बिगहॉर्नवालींनी सांगितलेल्या घटनेनंतरचा, आजच्यापेक्षा खूपच गरम. तरीही दलदल होती, झाडं होती, लिग्नाइट झाला. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या आसपास होता आणि पाऊस भरपूर.

खडूस_वाचक

वस्तानचं उदाहरण आधी दिलं असतंत तर माझे दोन प्रतिसाद वाचले असते.